उभा नारळ

मालननं चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तिनं नवऱ्याच्या उशाखाली लिंबू ठेवलं.

कारण तसंच होतं. तिचा नवरा गुंडा माने दुपारची भाकरी खाऊन गोठ्यात जायचा, म्हशीकडं पाठ करून उभा राहायचा आणि तळहातावर एक नारळ आडवा ठेवून त्याच्याकडं बघत बसायचा. तासभर, कधी दोन तास. म्हशीनं पहिल्या दिवशी थोडं मनावर घेतलं, मग सोडून दिलं. मालनला ते जमेना.

"आवं, काय करताय काय?"

"नारळ उभा करतोय."

"कशाला?"

"आडवा हाय म्हणून."

लिंबाचाही काही उपयोग झाला नाही. गुंडानं ते सकाळी पोह्यांवर पिळून घेतलं.

गुंडानं बावीस वर्षं बोअरच्या गाडीवर काढली होती. नळ्या जोडायच्या, नळ्या काढायच्या, तोंडावर फडकं बांधून भुकटीत उभं राहायचं. कॉम्प्रेसरनं त्याचा डावा कान गेला होता आणि छातीत कायम कुणीतरी चाळण हलवल्यासारखा आवाज यायचा. पण एवढ्या वर्षांत त्याला जमिनीचा पोत कळायला लागला होता. वर वारूळ कुठं आहे, उंबर कुठल्या अंगाला कललाय, ओढ्यात तांबडा मुरूम कुठं संपतो नि काळा कातळ कुठं लागतो, एवढ्यावर तो पाण्याचं सांगायचा आणि दहात सात वेळा बरोबर निघायचा. फक्त त्याचं कुणी ऐकायचं नाही. नळ्या जोडणाऱ्याला कोण विचारतं?

शेवटचं निमित्त एका डाळिंबवाल्याच्या रानात झालं. तिथं नारळावर जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या आला होता. धुतलेलं धोतर, अनवाणी पाय, हातावर नारळ. रानाच्या वरच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला, लोकांनी हात जोडले. गुंडा म्हणाला, "मालक, खाली निस्ता कातळ हाय. हितं मारू नका."

मालक म्हणाला, "तू नळ्या जोड."

सहाशे वीस फूट भुकटी निघाली. शेवटी तर नुसता गरम वारा यायला लागला. पाणाड्या तोवर टॉवेल-टोपी घेऊन, आल्याचा चहा पिऊन गेला होता. शिव्या बोअरवाल्यांनी खाल्ल्या. कुणीतरी गुंडाच्या पाठीत ढेकूळ मारलं. त्याच्या चांगल्या कानाला मालकाची सून म्हणाली तेही ऐकू गेलं, "ही तोंडच तसली. पाणी कुठनं लागणार?"

त्या आठवड्यात गुंडानं गाडी सोडली आणि नारळ आणला.

तीन महिन्यांनी त्याला सापडलं. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो आतल्या आत ताणला आणि करंगळी केसभर खाली घेतली, की नारळ आधी डुलतो, मग विचार केल्यासारखा थांबतो, आणि शेंडी वर करून उभा राहतो. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

पुढं पाच वर्षं बरी गेली. पाणी तो डोळ्यांनी हेरायचा, आणि मग नारळ घेऊन त्या जागेवर जायचा. 'ए बोअरवाल्या' म्हणणारी माणसं 'गुंडाभाऊ' म्हणायला लागली. खुर्ची मिळायला लागली. तोच माणूस, तेच सांगणं, फक्त मध्ये एक नारळ आला होता. मालनलाही सगळं ठाऊक झालं होतं. ती आता लिंबं ठेवत नव्हती. उलट सांगायची, "परवा अंगठा लय दिसत हुता. हात सैल सोडत जावा."

* * *

यंदाचा वैशाख वाईट होता. वडूजच्या अलीकडं तळ्याचीवाडी म्हणून गाव आहे. त्यात तळं नाही. टँकर एक दिवसाआड यायचा, आणि आला की बायका बोलायच्या बंद व्हायच्या, नुसत्या घागरी बोलायच्या. अशात निवृत्त सुभेदार सयाजीराव फडतऱ्यांनी बंगला बांधायला काढला. पाया खणला, खडी पडली, आणि पाण्यावाचून काम थांबलं. त्यांनी गुंडाला निरोप धाडला.

गुंडा सकाळी नवाला आला. त्यानं आधी चहा पीतपीत सगळं रान नजरेखालून घातलं. ओढ्याच्या अंगाला उंबर होता, त्याच्या पलीकडं वारूळ. जागा ठरली. घराच्या परड्यातून सरळ उंबराकडं जायचं, तिथं थांबायचं, नारळ उभा करायचा, जेवून घरी जायचं.

परड्यात माणसं जमली होती. सयाजीराव हात मागं बांधून उभे होते. त्यांचा मुलगा वीरधवल पुण्याहून सुट्टीला आला होता, तो मोबाइल धरून. ओट्यावर सयाजीरावांची आई मनुबाई गहू चाळत होती. पंचाहत्तरीची बाई, हाडांवर लुगडं वाळत घातल्यासारखी.

गुंडानं चपला काढल्या, नारळ आडवा ठेवला आणि चालायला लागला. गोठ्यामागं एक मोकळी जागा होती. तिथं कितीतरी वर्षांपासून उकिरडा होता. सयाजीरावांनी बंगल्यासाठी तो महिन्यापूर्वी उचलला होता. जमीन काळी, मऊ. गुंडाचा पाय तिच्यावर पडला आणि पायाला गार लागलं.

वैशाखाच्या उन्हात गार. त्याला वाटलं, खताची ओल असेल.

आणि नारळ उभा राहिला.

डुलला नाही, थांबला नाही. झोपलेल्या माणसाला नावानं हाक मारावी नि तो उठून बसावा, तसा उठला.

"आरं तिच्या! उभा राह्यला की!" लोक ओरडले.

गुंडानं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठा सैल होता. मालननं सांगितल्यापेक्षाही सैल.

आता यातली गोम अशी, की जमलेल्या माणसांनी गुंडाचा नारळ उभा राहिलेला शंभरदा बघितला होता. गुंडा तो पहिल्यांदा बघत होता. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले आणि हे सांगायला तिथं एकही माणूस नव्हता. हा मी केला नाही म्हणावं, तर बाकीचे कुणी केले?

"हितं न्हाई. फुडं चला," तो म्हणाला.

"फुडं कशाला?" सयाजीराव म्हणाले. "उभा राह्यला न्हवं?"

"उभा राह्यला... पर हितं पाणी न्हाई."

"गुंडाभाऊ, तुमी नारळाच्या वर चाललाय का?"

लोक हसले. ओट्यावर काहीतरी पडलं. मनुबाईच्या हातातली चाळण होती. गहू पसरले होते आणि ती ते गोळा न करता त्या काळ्या जागेकडं बघत होती.

सयाजीरावांनी तिथल्या तिथं बोअरच्या गाडीला फोन लावला. गाडी परवा येणार म्हणाली. गुंडा न जेवता निघाला. असं पाच वर्षांत पहिल्यांदा झालं.

* * *

परड्याच्या दारात मनुबाईनं त्याला गाठलं. हातात पाण्याचा तांब्या होता.

"गुंडा, बस लेका. पाणी पी."

"नगं, काकी."

"बस म्हंते न्हवं."

तो बसला. ती त्याच्यासमोर टेकली आणि बारीक आवाजात म्हणाली, "तुला तिचं नाव ठावं हाय?"

"कुणाचं?"

"तुझ्या नारळानं जिला वळीकलं तिचं. अनसूया. माझी जाऊ."

गुंडाला नाव ठाऊक होतं. तळ्याचीवाडीत आणि आसपासच्या पाच गावांत ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिथं ते आता माणसाचं नाव राहिलं नव्हतं. दावं तोडून पळालेल्या गाईला तिथं अनशी म्हणत. कोंबडी सापडेना, तर अनशी झाली म्हणत. पोरगी शाळेतून उशिरा आली तर आई विचारायची, अनशी व्हायचा विचार हाय व्हय गं? बहात्तरच्या दुष्काळात फडतऱ्यांची थोरली सून खडी फोडायच्या कामावरच्या मुकादमाबरोबर पळून गेली, त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती.

"पळाली न्हाई ती," मनुबाई म्हणाली. "हिर हुती तिथं. पाणी आटलं तवा मामंजींनी खोल कराय काढली. बापयमाणसं सगळी खडी फोडाय गेल्याली. पूर्वेच्या अंगाला भेग गेली हुती. मी म्हनलं, मामंजी, कड पडंल. ते म्हनलं, तू दोर धर. अनशी खाली उतरली. चार घमेली वर दिली तिनं. पाचवं भरत हुती."

परड्यातून वीरधवलच्या मोबाइलमधलं गाणं ऐकू येत होतं.

"आवाज बी न्हाई झाला रं लय. दोर माझ्या हातातनं खाली गेला. मामंजींनी तिन्हीसांजंपतुर माती लोटली. दुसऱ्या दिवशी उकिरडा हालवला तिथं. मला म्हनलं, तोंड उघडलंस तर तुला बी जागा हाय. सयाजी पोटात हुता."

"मग... मामंजी गेल्यावर तरी बोलायचं, काकी."

"बोलले की. नवऱ्याला बोलले. त्यो म्हनला, तुला भास झाला. सयाजीला बोलले. त्यानं मला साताऱ्याला डाक्टरकडं नेलं. गोळ्या हायत अजून." मनुबाईनं तांब्या त्याच्याकडं सरकवला. "म्हातारीचं कोण ऐकतंय? तुझ्या नारळाचं ऐकत्यात. त्यास्नी सांग, बोअर नगं, हिर खणा. सा इंचाच्या भोकातनं ती कशी वर यील?"

गुंडानं पाणी प्यायलं. पाणी टँकरचं होतं, तरी त्याच्या घशात ओल्या मातीची चव आली.

* * *

"हिर?" सयाजीराव म्हणाले. "बंगल्याच्या दारात? कशापायी?"

"नारळ म्हंतोय," गुंडा म्हणाला. नजर खाली.

सयाजीराव फौजेतले. त्यांना गोष्ट पडताळून घ्यायची सवय. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ठीक हाय. उद्या सकाळी परत दाखवा. तीन डाव. तीनदा तिथंच उभा राह्यला तर जेसीबी मागवतो."

घरी मालननं सगळं ऐकून घेतलं. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "त्यात काय? तीनदा दाबा अंगठा. पुण्याईचं काम हाय."

"आन् त्यो आपसूक उभा राह्यला तर?"

"तर दाबू नका," मालन म्हणाली. तिच्यापुढं अडचणी फार वेळ टिकत नसत. पण तिनं त्या दिवशी नारळ घरात घेतला नाही. बाहेर, तुळशीच्याही पलीकडं ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी परड्यात निम्मं गाव होतं. गुंडा पुढं झाला तसा वीरधवल मोबाइल घेऊन त्याच्या हाताजवळ आला. अगदी जवळ, वीतभर अंतरावर.

"काका, क्लोजअप घेतो. कालच्यात अंगठा नीट दिसत नाहीये."

गुंडा काळ्या जागेवर गेला. पायाला गार लागलं. नारळ आडवा. त्यानं वाट बघितली. नारळ काही करेना. त्याच्या सगळ्या अंगात एकच जागा होती, अंगठ्याखालची, आणि तिच्यावर मोबाइलचं भिंग रोखलेलं. दाबावं तर दिसणार. न दाबावं तर नारळ ढिम्म.

"एक डाव फुकट," सयाजीराव म्हणाले.

दुसऱ्या वेळीही तेच. घाम नाकावरून नारळावर पडला. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटून चक्क दाबला, जे होईल ते होईल म्हणून. नारळ दगडासारखा पडून राहिला. पाच वर्षांत असा कधी हट्टाला पेटला नव्हता.

"झोपला रं नारळ!" कुणीतरी म्हणालं. "रातपाळी झाली वाटतं." माणसं हसायला लागली. यशराज म्हणून सरपंचाचा पुतण्या होता, तो म्हणाला, "ए बोअरवाल्या, जा, नळ्या जोड जा!"

गुंडा तिथंच उभा होता. डाळिंबवाल्याच्या रानात पाठीत बसलेलं ढेकूळ त्याला इतकं लागलं नव्हतं.

"आण हिकडं," मनुबाई म्हणाली.

ती ओट्यावरून कधी उतरली ते कुणी बघितलं नाही. सयाजीराव म्हणाले, "आये, आत जा. ऊन लागंल." तिनं ऐकलं नाही. गुंडाच्या हातातला नारळ तिनं दोन्ही हातांनी उचलला, मग उजव्या तळव्यावर आडवा ठेवला. हात थरथरत होता. नारळ पडणार असं वाटून दोघंतिघं पुढंही झाले. तिनं चपला काढल्या आणि त्या काळ्या मातीत पाय ठेवला.

"अनशे," ती म्हणाली. "ऊठ बाई."

हात थरथरायचा थांबला. नारळ उभा राहिला.

कुणी ओरडलं नाही. वारा नव्हता, तरी नारळाची शेंडी हलत होती, खालून कुणी फुंकर घातल्यासारखी. मनुबाईनं हात खाली घेतला, वर घेतला, उलट फिरली. नारळ उभाच. आडवा करून परत ठेवला, परत उभा. तिसऱ्यांदाही. तीन डाव पुरे झाले.

वीरधवलचा मोबाइल तिच्या हाताच्या वीतभर जवळ होता. लोक तिच्या तोंडाकडं बघत होते, सयाजीराव नारळाकडं. गुंडा एकटा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी बघत होता. त्या धंद्यातला तिथं तो एकच माणूस. आणि तिथं ताणायला काही नव्हतंच. मांस कधीच वाळून गेलं होतं. नुसती कातडी, आणि कातडीखाली हाड.

* * *

जेसीबी दुपारी आला. आठ फुटांवर दगडी बांधकामाचा गोल लागला, तसे सयाजीराव खुर्चीवर बसले. बारा फुटांवर जेसीबी थांबवला आणि माणसं उतरवली. मोजून बावीस फुटांवर एक घमेलं निघालं, अर्धं भरलेलं. मग दोराचा काळा चुरा. मग चांदीची जोडवी, ज्या बोटांत होती त्या बोटांच्या हाडांसकट.

पोलीस आले. पंचनामा झाला. त्यात नारळाचा उल्लेख करावा की नाही, यावर हवालदारांनी दोन चहा होईपर्यंत विचार केला आणि शेवटी 'घरगुती कामासाठी खोदकाम करत असताना' असं लिहिलं. सह्या करताना माणसं एकमेकांकडं बघत नव्हती. सयाजीराव आईच्या पायाशी बसून राहिले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्या गोळ्या बंद कर आता. त्वांड कडू पडतंय."

पाण्याचा थेंब लागला नाही. गुंडानं ते आधीच सांगितलं होतं, पण आठवण कुणी काढली नाही.

दहावं, तेरावं सगळं झालं. मनुबाईनं जावेच्या नावानं हिरवं लुगडं आणि बांगड्या घेतल्या. त्याच दिवशी सरपंचाची गाय दावं तोडून पळाली. गडी तिच्यामागं धावला, तोंडात आलेला शब्द त्यानं गिळला आणि नुसता "हैक, हैक" करत गेला. तो शब्द त्या गावात परत ऐकू आला नाही.

गुंडानं एकदा मनुबाईला एकटीला गाठून विचारलं, "काकी, खरं सांगा. कसं केलंसा?"

"म्या कुठं काय केलं?" ती म्हणाली. "तू करतूस तसंच की."

तो उठला आणि घरी गेला.

त्याला वाटलं होतं, आता रीघ लागेल. वीरधवलनं घेतलेलं ते चित्रण सांगलीपर्यंत पोचलं होतं. भर वैशाख, टँकर तीन दिवसांनी येणारा, आणि नारळ असा की त्याच्यावर आता पोलिसांचाही विश्वास. पण फोन वाजेना. आठ दिवस, पंधरा दिवस. ठरलेली चार गिऱ्हाइकं होती, त्यांनी एकेक करून निरोप दिले. एकाचा पाहुणा वारला होता. एकाला पाण्याची आता तेवढी गरज वाटत नव्हती. तिसरा खरं बोलला. तो पलीकडच्या गावचा सत्तर एकरांचा मालक होता आणि तो फोनवर हळू आवाजात म्हणाला, "गुंडाभाऊ, बोअर आमी आमच्या अंदाजानं मारतो. तुमी रानात येऊ नका. आमचं आजोबा जरा तापट हुतं."

लोक त्याला मान देत होते, पूर्वीपेक्षा जास्त. समोरून आला की रस्ता सोडायचे. पण तो कुणाच्या बांधावर पाय ठेवायला लागला, की लांबून हाळी यायची, "गुंडाभाऊ, रस्त्यानं, रस्त्यानं!" पाच वर्षं त्यानं माणसांना आपल्यावर विश्वास ठेवायला लावला होता. आता त्यांनी तो ठेवला होता. पूर्ण. आणि मूठभर तरी रान ज्याच्याकडं आहे, असा एकही माणूस त्याला आपल्या मातीवर चालू द्यायला तयार नव्हता.

आषाढात सत्यनारायण काढला मालननं. गुंडा वडूजला नियाजच्या किराणा दुकानात सामान आणायला गेला. सुपारी, कापूर, खारीक झाली. नारळ म्हटल्यावर नियाज थबकला. त्यानं एक नारळ निवडला, आडवा धरून कापडी पिशवीत घातला आणि पिशवीच्या तोंडाला सुतळीची गाठ मारली.

"गाठ कशाला रं?"

"असू दे, चाचा. वाटंत लोकांची रानं हायत."

एसटीतून तो फाट्यावर उतरला. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. रस्त्यानं गेलं तर दोन मैल, आणि आडवं गेलं तर अर्धा. दुसऱ्यांच्या बांधांवरून जायची सोय राहिली नव्हती, पण शेवटचा तुकडा त्याचा स्वतःचा होता. निदान तेवढ्यावरून तरी त्याला कोण अडवणार? तो रस्ता सोडून आपल्या रानात शिरला.

मधोमध, जिथं त्याचा बाप कधी नांगर घालू द्यायचा नाही आणि का ते सांगायचा नाही, त्या पडीक पट्ट्यावर त्याच्या तळपायाला गार लागलं. चपलेतून.

पिशवीत काहीतरी उठून बसलं.

गुंडानं खाली बघितलं नाही. पिशवी अंगापासून लांब धरून तो भराभरा चालत राहिला, आणि घर आलं तरी थांबला नाही.